पायाशी ठेवलेलं बी

रुख्माबाईने देवाकडे मागणं सोडलं, तेव्हा नत्थूजी पहिल्यांदा घाबरले. तोवर डॉक्टरांनी सांगितलेल्या गाठीचाही त्यांनी एवढा धसका घेतला नव्हता.

कारण रुख्माबाई म्हणजे मागणारी बाई. बोरगाव मेघेच्या पलीकडे, जिथं नवी घरं संपतात आणि ओलिताची वावरं सुरू होतात, तिथं या नवराबायकोचा भाजीपाला होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, कुंपणावर वालाचे वेल. नत्थूजी पाणी वळायचे, खत टाकायचे, आणि रुख्माबाई वर्ध्याच्या बाजारात पोतं अंथरून बसायची. गिऱ्हाइकाशी करायची तशीच घासाघीस ती देवाशीही करायची. पोरगा पियुष बारावी पास झाला तर केळझरच्या गणपतीला नारळ. गाय नीट व्याली तर मारुतीला पहिल्या चिकाची वाटी. विहिरीचं पाणी उन्हाळाभर पुरलं तर गिरडच्या दर्ग्यावर चादर.

नत्थूजी हसून म्हणायचे, "तू येताना दिसली का देव दार लावून घेत असन."

"लावू द्या," ती म्हणायची, "मी खिडकीतून मागीन."

उन्हाळ्यात तिचं पोट दुखू लागलं. मोठ्या दवाखान्यात नेलं, मशिनीवर पाहिलं, आणि डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं की गर्भाशयात गाठ आहे, ऑपरेशन करून काढावी लागेल, पोळा झाला की या, जास्त लांबवू नका.

"काढली का बरं होईन ना?" नत्थूजींनी विचारलं.

"काढल्यावर ती तपासायला पाठवू, मग सांगता येईल. पण ठेवून चालणार नाही."

रुख्माबाई भिंतीवर लावलेल्या गुबगुबीत बाळाच्या चित्राकडे बघत बसली होती.

पोळा झाला. गणपती बसले, उठले. ती दवाखान्याचं नाव काढेना. ती कशाला भिते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिची थोरली बहीण चतुराबाई अशाच ऑपरेशनला गेली होती. आपल्या पायाने चालत, थट्टा करत गेली होती. सकाळी रुख्माबाईनेच तिची वेणी घातली होती. संध्याकाळी ती पांढऱ्या कपड्यात बांधलेली आली. वेणी तशीच होती, एक केस हलला नव्हता. त्यानंतर रुख्माबाईने दुसऱ्या कोणाची वेणी घातली नाही. पोरीच्या, वर्षालीच्या लग्नातसुद्धा ती बाजूला उभी राहिली आणि वेणी आत्याने घातली.

पियुष पुण्याहून फोनवर ओरडला. सून जया पदर डोळ्याला लावून बसली. नत्थूजींना ओरडताही येत नव्हतं आणि रडताही. ते एवढंच म्हणाले, "एखादा नवस तरी बोल. बोललं का तुले बरं वाटते."

"नाई बोलत."

"काऊन?"

"चतुराबाईसाठी मी दिसन त्या देवाले बोलली होती. मागून पाह्यलं मी. आता मागत नाई."

ती सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली. नत्थूजी तिच्याकडे बघत राहिले. भांडणारी, कटकट करणारी, देवाच्या खिडकीत उभी राहणारी बाई त्यांना माहीत होती. ही कोण, हे त्यांना कळेना.

बाजारात तिच्या शेजारी नलू बसायची, मिरच्या-लिंबू घेऊन. किती वर्षांपासून दोघी शेजारी बसत होत्या, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सकाळी आल्यावर नलू "जय भीम, बाई" म्हणायची आणि रुख्माबाई "राम राम वं" म्हणायची, मग दोघी मिळून बाजारात येणाऱ्या जगाला नावं ठेवायच्या. गणपती उठल्यावर एके दिवशी नत्थूजी वांग्याचं पोतं टाकायला गेले, तेव्हा नलूचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं.

"आमच्या विहारात मागाचं नसते, बाई. मेणबत्ती लावाची, बसाचं, दम घ्याचा, उठाचं."

"काईच मागाचं नाई?"

"द्याले कोणी बसलाच नाई तं मागतं कोणाले? बुद्ध म्हणे, तुह्यं तू पाह्य."

"मंग जाता कायले?" नत्थूजी मध्येच बोलले.

"थंड वाटते, भाऊ," नलू म्हणाली. "तुमीबी या एकडाव. अन् देऊळ नोका म्हणू, विहार म्हणा."

रुख्माबाई वांग्याचे देठ पुसत होती. तिने मान वर केली नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी गाईला चारा टाकताना ती म्हणाली, "मले बुद्धाच्या देवळात जायचं हाय. वर्ध्याचा तो पांढरा स्तूप, मंग आर्वीले, मंग समुद्रपूरकडे टेकडीवर एक हाय म्हणते नलू, तथी. तुमी अन् मी. तिथून आली का सांगते, दवाखान्यात जाते का नाई जात ते."

"आता? पितराचे दिवस चालू होऊन राह्यले. या दिवसात कोणी दर्शनाले जाते का?"

"मले काई मागाचंच नाई तं दिवस चांगला काय अन् वाईट काय."

लग्नापासून दोघं मिळून फिरायला म्हणून कुठं गेले नव्हते. नातेवाइकांची लग्नं, मयती, आणि दवाखाना, एवढाच त्यांचा जोडीनं केलेला प्रवास. आता बायको आपणहून चल म्हणत होती, आणि त्यांना मात्र वाटत होतं की हिला घरातच कोंडून ठेवावं.

निघायच्या दिवशी सकाळी ती चुलीवरच्या फळीवरून मडकं काढताना दिसली. त्या मडक्यात तिचं वांग्याचं बी असायचं, राखेत घोळवलेलं. तिच्या आईकडून आलेलं वाण होतं ते. काटेरी, हिरवट-जांभळं, भाजलं की सालीसकट निघून येणारं. दरवर्षी ती एक-दोन वांगी झाडावरच पिवळी होऊ द्यायची, पाण्यात कुस्करून बी धुवायची, सावलीत वाळवायची. दुकानातलं बी त्या वावरात कधी आलं नव्हतं. आणि रोपाचा वाफा टाकायचा तो तिनेच. नत्थूजींच्या हाताला गुण नाही, असं तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं, आणि नंतर त्यांनीही कधी ते खोटं करून दाखवायची हिंमत केली नाही.

तिने बी एका फडक्यात बांधलं आणि कमरेला खोचलं. नत्थूजींना जरा हायसं वाटलं. हिवाळी वांग्याचं रोप टाकायची वेळ जवळ आली होती, आणि त्यांच्या घरची रीत होती की वाफा टाकण्याआधी चिमूटभर बी देवापुढे ठेवायचं, हात जोडायचे, आणि तेच बी उचलून आणून पहिल्या ओळीत टाकायचं. म्हणजे ही रीत पाळते आहे. म्हणजे हिच्या मनात यंदाचं पीक आहे.

स्तुपावर सकाळी फारसं कोणी नव्हतं. पांढऱ्याशुभ्र घुमटाला चारी बाजूंनी सोनेरी मूर्ती. रुख्माबाईने चपला काढल्या आणि फरशीवरून हळूहळू फेरी घातली. पूर्वेच्या मूर्तीसमोर ती खाली बसली. नलूने शिकवल्याप्रमाणे मेणबत्ती लावली, डोळे मिटले. ओठ हलत नव्हते. इतक्या वर्षांत देवापुढे तिचे ओठ बंद असलेले नत्थूजी पहिल्यांदा बघत होते. मग तिने कमरेचं फडकं सोडलं, बियांची मोठी चिमूट काढून पायरीवर ठेवली, आणि उठली.

ती चालू लागली. नत्थूजी जागेवरच उभे.

"अवं, बी राह्यलं तुह्यं तथी."

"राहू द्या."

"उचलाचं असते ना?"

"माहीत हाय मले."

एवढंच. ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा. नत्थूजींनी मागे वळून बघितलं. राखाडी बियांची ती लहानशी ढेरी पांढऱ्या दगडावर उठून दिसत होती. एक चिमणी येऊन दोन पावलं पुढे सरकली. त्यांनी हात हलवून ती उडवली आणि घाईघाईने पायऱ्या उतरले.

आर्वीच्या गाडीत गर्दी होती. कंडक्टर तरणा, तोंडाळ होता. "आजीचं अर्धं, आजोबाचं पुरं," तो म्हणाला. "आजोबा, पुढच्या जन्मी बाई होऊन या."

"या जन्मीचं तं निपटू दे, बाबू," रुख्माबाई म्हणाली आणि सगळी गाडी हसली. नत्थूजीही हसले, पण 'निपटू दे' हा शब्द त्यांच्या डोक्यातून आर्वी येईपर्यंत गेला नाही. खिडकीबाहेर कपाशी, सोयाबीन, पिवळं पडत चाललेलं रान. ती बाहेर बघत होती. एरवी ती दुसऱ्यांच्या वावरांना नावं ठेवत प्रवास करायची, याचं निंदण राह्यलं, त्याचं खत कमी पडलं. आज ती सगळ्याकडे सारख्याच नजरेने बघत होती, जणू ते कोणाचंच नव्हतं.

आर्वीचा विहार वस्तीच्या मधोमध, एका खोलीचा, निळ्या रंगाचा. अंगणात चार बाया झाडलोट करत होत्या. अंगणाच्या कडेला त्यांनी पालक-मिरची लावली होती. रुख्माबाई आत बसून आली आणि मग त्या बायांजवळ जाऊन उकिडवी बसली. कुठल्या, काय, पोरं किती, हे झालं. मग तिने फडकं सोडलं आणि त्यातलं अर्धं बी एका म्हाताऱ्या बाईच्या पदरात ओतलं.

"वांग्याचं हाय. घरचं. वाफ्याची गादी करजा माती गाळून. खोल नोका टाकू, नखभर. नखभर म्हणजे नखभरच. वरून राख-मातीचा पापुद्रा, अन् पाणी हातानं शिंपडजा, बालटीनं नाई. पहिलं वांगं तोडू नोका, बियाले ठेवजा."

"एवढं कोणी देते का, माय?" ती बाई म्हणाली.

"घ्या व. माह्याजवळ काय कराचं आता."

नत्थूजी विहाराच्या ओट्यावर बसून ऐकत होते. हे जे ती त्या अनोळखी बाईला सांगत होती, ते तिने घरात जयाला कधी सांगितलं नव्हतं. जयाने दोनदा विचारलं होतं, तर म्हणाली होती, "मी हाय ना अजून." आणि आता इथं, भर दुपारी, परक्या अंगणात ती सगळं सांगून टाकत होती. नत्थूजींना एकेक आठवू लागलं. गेल्या आठवड्यात तिने जयाला तिजोरीची किल्ली कुठं असते ते दाखवलं. वर्षालीला फोन करून आपले हातातले चांदीचे गोठ तुझे, असं सांगितलं. म्हाताऱ्या मांजरीलासुद्धा नलूच्या घरी देऊन टाकलं. ज्याच्या घरात पुढचा हंगाम आहे, तो माणूस बी वाटत सुटत नाही.

परतीच्या गाडीत त्यांनी विचारायचं ठरवलं. तोंड उघडलं. "तहान लागली का?" एवढंच बाहेर पडलं.

दुसऱ्या दिवशी समुद्रपूर. गाडीतून उतरून ऑटो, आणि ऑटोतून उतरून टेकडी. चढ फार नव्हता, पण रुख्माबाई मध्ये मध्ये थांबत होती, पोटावर हात ठेवून. पायथ्याशी एक टिटवी त्यांच्या डोक्यावरून ओरडत गेली, परत आली, पुन्हा ओरडत गेली. नत्थूजींनी जमिनीकडे बघत पाऊल टाकलं.

"अंडे असन तिचे जवळपास," रुख्माबाई म्हणाली. "भेता काऊन?"

"कोण भेते?"

"तुमी. सकाळपासून तोंड पाहा, जसं मलेच पोचवाले चालले."

थट्टाच होती ती. पण नत्थूजींना चालता चालता ठेच लागली.

वर एक लहान विहार, टिनाचा मंडप, पाण्याची टाकी आणि थोडी नांगरलेली जमीन. तिथं डोमाजी नावाचा राखणदार होता, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. विहारातले भिक्खू, भंतेजी, गावात गेले होते, संध्याकाळी येणार होते. "बसा, बसा," डोमाजी म्हणाला, "इथं कोणी उठवत नाई." आणि तो टाकीकडे बालट्या धुवायला गेला.

आतमध्ये गार आणि अंधारं होतं. मूर्ती पांढऱ्या दगडाची, डोळे अर्धे मिटलेले. रुख्माबाईने मेणबत्ती लावून मूर्तीच्या पायाशी चिकटवली आणि मांडी घालून बसली. नत्थूजी मागे भिंतीला टेकून बसले. ती इतका वेळ हलली नाही की त्यांनी तिच्या पाठीकडे टक लावून बघितलं, श्वास चालू आहे की नाही. पदर बारीक हलत होता. मूर्तीचे मिटलेले डोळे आणि तिची न हलणारी पाठ, यांच्यामध्ये काहीतरी ठरत होतं आणि आपल्याला त्यात कोणी विचारत नव्हतं, असं त्यांना वाटलं.

मग तिने कमरेचं फडकं काढलं. या वेळी गाठ सोडली नाही. उरलेलं सगळं बी, फडक्यासकट, मूर्तीच्या पायाशी ठेवलं. हात जोडले आणि उठली. डोमाजीला टाकीजवळ गाठून काहीतरी सांगितलं, आणि उतरणीला लागली.

नत्थूजी तिच्यामागे थोडं चालले. मग थांबले.

"दुपट्टा राह्यला वाटते माह्या आत."

"जा, आणा. मी बसते झाडाखाली."

खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी उठताना मुद्दामच आत ठेवला होता. त्या घडीला त्यांना एवढंच समजत होतं, की घरात बी नसेल तर वाफा नाही, आणि वाफा नसेल तर ती परत येणार नाही. उचलायची तर रीतच होती. रीत तिने मोडली, आपण पुरी करतो आहोत. असं मनाशी म्हणत ते आत गेले. तरी बी उचलायची ती दरवर्षी रुख्माबाईच. देवापुढचं त्यांनी आयुष्यात कधी उचललं नव्हतं, पोरवयात प्रसादाचा पेढासुद्धा नाही.

पुरचुंडी मूर्तीच्या दोन पायांमध्ये होती. त्यांनी वाकून हात पुढे केला. सदऱ्याची बाही मेणबत्तीला लागली, आणि मेणबत्ती विझली.

नत्थूजी तसेच वाकलेले राहिले. वातीतून धुराची एक बारीक रेघ सरळ वर गेली, मूर्तीच्या तोंडापर्यंत. रुख्माबाईने लावलेली मेणबत्ती होती ती. त्यांनी खिसे चाचपले. बिडी सोडल्यापासून काडीपेटी बाळगणं सुटलं होतं. इकडेतिकडे बघितलं, कुठं काडी दिसेना. डोमाजीला हाक मारावी, तर मुठीत पुरचुंडी. वात काळी पडली, लाल ठिणगी होती तीही गेली. त्यांनी पुरचुंडी आतल्या खिशात कोंबली, दुपट्टा उचलला आणि बाहेर आले.

"सापडला का दुपट्टा?" डोमाजीने विचारलं.

"सापडला."

उतरताना टिटवी नव्हती. ती असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

समुद्रपूरच्या स्टँडवर गाडी लागायला वेळ होता. बाकड्यावर बसल्या बसल्या रुख्माबाई एकदम म्हणाली, "उद्या दवाखान्यात जाऊन तारीख घ्या. जाते मी."

नत्थूजींना आधी कळलंच नाही. "म्हणजे... जाते?"

"जाते म्हणजे जाते. बहिरे झाले का?"

"मंग ते बी? सगळं वाटून टाकलं, मले वाटलं..."

"काय वाटलं? का मी मराले निघाली?" ती हसली. खूप दिवसांनी हसली. "चतुराबाई गेली, तवा तिच्याजवळचं बी तिच्या मडक्यातच राह्यलं. कोणी पाह्यलं नाई. उंदरानं खाल्लं. तिच्या घरचं मायचं वाण तथी खपलं. माह्याजवळचं तसं जाऊ द्याचं नोतं. आता जागोजागी हाय. मी आली तं आली, नाई आली तं वांगं येईन."

"अन् घरी? घरी थोडं ठेवाचं होतं."

"नाई. घरी असतं तं मी म्हटलं असतं, वाफा टाकून जाते. मंग म्हटलं असतं, रोप निघालं का जाते. मंग म्हटलं असतं, लावण झाली का जाते. गेलीच नसती. मले माहीत हाय माह्यं. हात मोकळे करून जायचं होतं." तिने दोन्ही तळवे उघडून मांडीवर ठेवले. "आता भेव नाई वाटत."

नत्थूजींचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला. आता सांगावं तर ती म्हणेल, मागे फिरा. मागे फिरलं तर विझलेली मेणबत्ती दिसेल. आणि न सांगावं तर आपण मोकळ्या हातांनी चाललो असं तिला वाटत राहील, आणि तिची गाठ बांधलेली यांच्या खिशात. गाडी लागली. ती आधी चढली, खिडकीची जागा धरली. ते तिच्या शेजारी बसले, आणि वर्धा येईपर्यंत खिशावरचा हात त्यांनी काढला नाही.

तारीख लगेचच मिळाली. पुरचुंडी परत टेकडीवर ठेवून यायला त्यांना सवड सापडली नाही, आणि खरं सांगायचं तर एकट्याने त्या अंधाऱ्या खोलीत जायची छातीही झाली नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी रुख्माबाईने जयाला वेणी घालू दिली नाही. "मोकळेच राहू दे, टोपीत बसते," ती म्हणाली. हिरवा गाऊन, हातात सलाईनची सुई. ढकलगाडीवरून नेताना तिने नत्थूजींना जवळ बोलावलं.

"टेकडीवर टाकलं असन का हो, डोमाजीनं? मी सांगतलं होतं त्याले, पाय पडून उचल अन् वाफ्यात टाक म्हून."

"टाकलं असन," नत्थूजी म्हणाले.

दार बंद झालं. दारावर लाल दिवा होता, तो लागला. नत्थूजींनी त्या दिव्याकडे बघायचं टाळलं. बघितलं तर तो विझेल, असं त्यांना वाटत होतं. बाकड्यावर बसून ते खिशातल्या पुरचुंडीतले दाणे कपड्यावरून बोटांनी चाचपत राहिले. जयाने चहा आणला, तो गार झाला. एकदा एक नर्स धावत बाहेर आली, काहीतरी घेऊन पुन्हा धावत आत गेली. नत्थूजींना वाटलं, आत्ता, या क्षणी आत जाऊन सगळं सांगून टाकावं. पण कोणाला सांगणार?

ती बाहेर आली तेव्हा जिवंत होती. ओठ पांढरे, पण पदरासारखाच बारीक हलणारा श्वास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ निघाली. तपासायला पाठवली आहे. आता तपासणीच सांगेल पुढचं."

जया दवाखान्यात थांबली आणि नत्थूजी गाईसाठी घरी ये-जा करू लागले. रोपाची वेळ टळत होती. खिशातलं बी आता त्यांना जड झालं होतं. घरात ठेवावं तर दिसेल, फेकावं तर कसं फेकावं. शेवटी एका सकाळी त्यांनी गादी केली, माती गाळली, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने वांग्याचं बी टाकलं. पाखरं नेतील, उन्हानं वाळेल, या भीतीने दाबून, नीट झाकून टाकलं. आणि मग रोज बघू लागले. शेजारच्या वावरात त्याच दिवशी टाकलेली मिरची वर आली. यांचा वाफा सपाट होता. आठवडा उलटला, दसरा गेला, वाफा सपाटच. ओल्या मातीचा तो काळा चौकोन सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे बघत असे. तो कशासारखा दिसतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते मनातल्या मनातही त्याचं नाव घेत नव्हते.

रुख्माबाई घरी आली. वाकायचं नाही, उचलायचं नाही, असं सांगितलेलं. दोन दिवस खाटेवर पडून तिसऱ्या दिवशी काठी धरून ती वावरात आलीच. वाफ्याजवळ थांबली.

"हे काय टाकलं?"

नत्थूजी पाण्याचा दांड फोडत होते. फावडं तसंच हातात राहिलं.

"वांगं."

"कोणतं वांगं? दुकानातलं आणलं?"

"नाई." मग त्यांना जे आजवर जमलं नव्हतं ते एका दमात बाहेर आलं. टेकडी, दुपट्टा, मूर्तीचे पाय, खिसा, दवाखाना. मेणबत्तीपाशी मात्र येऊन ते थांबले आणि तिला ओलांडून पुढे गेले.

रुख्माबाईने काठी मातीत रोवली आणि तिच्यावर भार टाकला. मग म्हणाली, "म्हणजे मी आत गेली, तवा ते तुमच्या खिशात होतं?"

"हो."

"बाप्पा! अन् मी म्हणत होती, माह्यं सगळं देऊन झालं." ती कोरडं हसली. "देवाचं चोरलं अन् वरून आपल्या हातानं टाकलं. उगवन कसं?"

"चुकलं माह्यं."

"पाट आणा."

त्यांनी घरातून पाट आणला. पोटाला हात लावत ती हळूच टेकली, आणि काठीच्या टोकाने वाफ्याची कड उकरू लागली. नत्थूजींनी डोळे दुसरीकडे वळवले.

"इकडं पाहा."

मातीत पांढरे, वाकडे कोंब होते. काही काळे पडून मऊ झालेले, कुजलेले. काही अजून ताठ, पण वर यायची वाट न सापडलेले, गोल गोल वळलेले.

"बोटभर खोल टाकलं तुमी. माणूस पुरल्यासारखं."

"पाखरं नेतीन म्हून..."

"पाखराइतकं तं सोडा त्याइले." ती काठीच्या टोकाने वरची माती सारत राहिली, अगदी हलकेच. "थोडे येतीन. बाकीचे गेले. अन् आता घरात एक दाणा नाई."

तपासणीचं अजून काही कळलं नव्हतं. फोन वाजला की जया आधी त्यांच्याकडे बघायची आणि मग उचलायची. मागच्या वावरात कोणीतरी मोटर सुरू केली.

"होळी झाली का टेकडीवर जाऊ," रुख्माबाई म्हणाली.

"टेकडीवर काय हाय? तथलं तं मीच..."

"कबूल कराले जाऊ. तथून आर्वीले. आर्वीच्या म्हातारीनं टाकलं असन बरोबर, मी सांगतलं तसं. तवरिक तिचं पहिलं वांगं पिवळं झालं असन. एक मागून आणू."

"मागू?"

"मागू. काय होते मागितलं तं." तिने कपाळावरचा घाम पदराने पुसला. होळी अजून लांब होती, मधे सगळा हिवाळा पडला होता. "मीबी येईन संगं."

नत्थूजींनी मान हलवली. ते खाली बसले आणि तिने उकरलेल्या कोंबांवर भुरभुरीत माती टाकू लागले, तिच्या डोळ्यांसमोर, नखभर.

"मेणबत्तीचा पुडा मी घेईन," ते म्हणाले. "अन् काडीपेटी."

रुख्माबाईने चमकून त्यांच्याकडे बघितलं. असली वस्तू त्यांनी आजवर कधी आपणहून घेतली नव्हती. पण त्यांची मान खाली होती आणि ते दुसऱ्या ओळीला लागले होते.